निवाऱ्यातील रहिवाशांचे वारंवार फेटाळले जाणारे आधार अर्ज: आम्ही काढलेला मार्ग

शहरी बेघर निवाऱ्यात काम करताना सर्वाधिक खोळंबा आधार कार्डामुळे होत असे. कार्ड नाही म्हणून बँक खाते नाही, आणि खाते नाही म्हणून संजय गांधी निराधार योजनेचे अनुदानही नाही. पत्त्याचा प्रश्न तुलनेने सोपा निघाला, कारण मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाने विहित नमुन्यात, छायाचित्रावर सही-शिक्का करून दिलेला दाखला नोंदणीसाठी चालतो.

खरी अडचण वेगळीच होती. अनेकांचे अर्ज दुबार नोंदणी म्हणून फेटाळले जात, कारण गावाकडे त्यांचे आधार पूर्वीच निघालेले असे आणि कार्ड व मोबाइल दोन्ही फलाटावर झोपेत चोरीला गेलेले असत. त्यामुळे नवा अर्ज भरण्याआधी रहिवाशाला आधार सेवा केंद्रात नेऊन बायोमेट्रिक पडताळणीतून जुना क्रमांक शोधण्याची पद्धत आम्ही सुरू केली. बिगारी कामाने ज्यांचे ठसे झिजले आहेत, त्यांच्यासाठी बुबुळांची तपासणी आग्रहाने मागावी लागते (ती स्वतःहून क्वचितच सुचवली जाते). क्रमांक सापडल्यावर रहिवाशाचाच मोबाइल जोडावा. सोयीसाठी कर्मचाऱ्याचा क्रमांक देणे मला मुळीच योग्य वाटत नाही.