टीव्हीवरच्या गाण्याच्या ऑडिशनला जाताय? मग हे बघा

भावांनो, पहिलं काम म्हणजे आपली पट्टी (ज्या सुरावर आपला गळा आरामात चालतो ती) पक्की करा, काळी एक की पांढरी चार ते पेटीवर बसून बघा, कराओके लावून दुसऱ्याच्या पट्टीत ओरडू नका. मग मुखडा आणि एक अंतरा बिनसाथीचा मोबाईलवर रेकॉर्ड करायचा आणि इयरफोन घालून ऐकायचा, श्वास कुठं तुटतोय, ओळ संपताना सूर कुठं उतरतोय लगेच कळतंय (इको लावू नका, तो सगळं झाकतो). रंकाळ्यावर दोस्तांसमोर गायलं की टाळ्या मिळतातच ओ, त्यापेक्षा देवल क्लबच्या (कोल्हापूरची संगीतसंस्था) मैफलींना जाणारं कुणी जाणतं माणूस गाठा, ते तोंडावर सांगेल.

स्वतः गाणी लिहिताय? मग पोलंडचा गायक-गीतकार दाविद पोत्शाद्वो बघा, जन्म १९९३ चा, गाव दोम्ब्रोवा गुर्निचा, २०१२ ला तिथल्या एक्स फॅक्टर या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा दुसरा सीझन जिंकला आणि २०१३ ला पहिला अल्बम बाहेर. म्हणून शो चालू असतानाच वहीत चार-पाच गाणी तयार ठेवा, फायनलनंतर लोक लई दिवस आठवण ठेवत नाहीत. आणि कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी ते वकिलाला दाखवा, खास करून गाण्याचे हक्क कुणाकडं जातात तेवढं कलम.