पिकअपला ट्यूनिंग बॉक्स बसवायचाय? आधी गाडी तपासा, मग डबा घ्या

पोफळी सोडली की कुंभार्ली घाट लागतो आणि माझ्या पिकअपचा खरा दम तिथं निघतो. जाताना पाटण, कोयनानगर करत चिपळूणला भाजी नि आलं टाकायचं, येताना जांभ्याचे चिरे भरायचे आणि मग घाटमाथ्यापर्यंत दुसऱ्या गिअरवर गुरगुरत वर यायचं, मागं एसटीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. त्या वैतागातनं मी ट्यूनिंग बॉक्सच्या नादाला लागलो. आता बसवून दोन वर्षं झाली, दोनदा हात पोळलेत, म्हणून म्हटलं जे काय कळलं ते एकदा नीट लिहून काढू, कारण साताऱ्यात चहाच्या टपरीवर ह्या विषयावर जेवढं ज्ञान मिळतं त्यातलं निम्मं बोगस असतं.

पहिलं, हा डबा करतो काय. कॉमन रेल गाडीत पंप डिझेलचं प्रेशर करून एका जाड पाइपात म्हणजे रेलमध्ये भरून ठेवतो, पार हजार बारच्या वर (बार म्हणजे प्रेशरचं माप), आणि तिथनं नोझल उघडली की डिझेल आत फवारतं. रेलच्या टोकाला एक सेन्सर असतो तो ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, सांगत राहतो की प्रेशर किती आहे. बॉक्स ह्या दोघांच्या मधी बसतो आणि खोटं बोलतो. समजा खरं प्रेशर १००० बार आहे तर हा ईसीयूला सांगणार ९००, मग ईसीयू म्हणतो कमी पडतंय, वाढवा. चव घेणाऱ्यानं आमटीत मीठ कमी आहे म्हटलं की करणारी अजून चिमूटभर टाकते, तसंच. नोझल तेवढाच वेळ उघडते पण प्रेशर जास्त म्हणून डिझेल जास्त जातं, ओढ वाढते. बास एवढंच. रिमॅपिंग वेगळं, त्यात ईसीयूच्या आतला प्रोग्रामच बदलतात, ते घरी करायचं काम नाही.

त्यामुळं जुन्या, साध्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला हा डबा लागूच होत नाही, तिथं ईसीयूच नाही तर खोटं सांगणार कुणाला. सीएनजी छोटा हत्तीवाले पण विचारतात, त्यांनी हे इथंच सोडून द्या. माझी गाडी बोलेरो पिकअप, बीएस फोर (बीएस म्हणजे धुराच्या सरकारी नियमाची पायरी), २५२३ सीसीचं कॉमन रेल इंजिन, म्हणून जमलं. आणि एप्रिल २०२० नंतरची बीएस सिक्स गाडी असेल तर हात जोडून सांगतो, नका बसवू. तिच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाची काजळी धरणारी जाळी असते, जास्त डिझेल म्हंजे जास्त काजळी, जाळी चोक होणार, लाइट लागणार, आणि त्या जाळीचा खर्च ऐकला की घाट पायी चढलेला परवडला असं वाटतं.

दुसरं, कायद्याचं पण आत्ताच सांगतो, मागनं कुणी म्हणायला नको. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या गाडीत परस्पर बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकानं बेकायदा बदल केला तर एकेका बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वॉरंटीतली गाडी असेल तर वॉरंटी गेली समजा, आणि अपघात झाला तर विमावाले ह्याच डब्याकडं बोट दाखवू शकतात. धूर वाढला तर पीयूसी आणि पासिंगला अडकणार ते वेगळंच. माझी वॉरंटी कधीच संपली होती आणि ही जोखीम मी माझ्या डोक्यावर घेतली, तुम्ही तुमचं बघा.

आता पहिल्यांदा हात कसा पोळला ते. मी आधी ऑनलाइन एक स्वस्तातला प्लग मागवला, स्टिअरिंगच्या खाली स्कॅनरचं सॉकेट असतं त्यात नुसता खोचायचा, की म्हणे २०० किलोमीटरमध्ये गाडी आपोआप शिकते आणि अ‍ॅव्हरेज वाढतं. लाइटी छान लुकलुकायच्या. आठ दिवस मला खरंच वाटत होतं की गाडी हलकी झालीय, मनाचे खेळ. मग एका रात्री स्क्रूड्रायव्हरनं तो उचकटला तर आत एक बोटाएवढं सर्किट, दोन-तीन एलईडी, आणि सॉकेटच्या ज्या पिनांवरनं गाडीशी बोलायचं असतं त्या पिना सर्किटला जोडलेल्याच नाहीत! फक्त बॅटरीची प्लस-मायनस घेऊन लाइट लावत बसलेला. पोरानं तो रिकामा डबा खेळायला नेला. तर नियम सोपा आहे, जो डबा बोनेट उघडायला लावत नाही, रेल सेन्सरच्या कपलरला बसत नाही, त्यानं तुमच्या गाडीची ओढ वाढत नाही. घेताना तुमच्या गाडीच्याच सेन्सरचं कपलर असलेली वायरिंग आहे का ते बघूनच घ्या, वायर कापून जोडायला लागेल म्हणाला तर तिथनं उठा.

खरं काम मात्र डबा यायच्या आधीचं आहे आणि तेच कुणी करत नाही. आमचे मिस्त्री, एमआयडीसीत बसतात, मी त्यांच्याकडं गेलो आणि म्हटलं मिस्त्री, पॉवर वाढवायचीय, तर त्यांनी बोनेट उघडलं, टर्बोकडनं (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) इंटरकूलरला (ती हवा गार करणारी जाळी) जाणाऱ्या होजपाइपवरनं बोट फिरवलं आणि ते काळं तेलकट बोट माझ्या नाकापुढं धरलं. "अरे तुझी आहे ती पॉवर इथनं बाहेर चाललीय, वाढवतोस कशाला." क्लिप ढिली, पाइपाला बारीक चीर. हवा तिथनं निसटायची. नवीन पाइप, क्लिपा, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर एवढं केलं आणि गाडी अर्धी तिथंच सुधारली. प्रामाणिकपणे सांगतो, बऱ्याच जणांचं काम इथंच होईल आणि डब्याचे पैसे वाचतील.

मग त्यांनी नोझलचं रिटर्न, म्हणजे नोझलमधनं न फवारता परत जाणारं डिझेल, चेक केलं. चारी नोझलच्या रिटर्नला सलाइनच्या नळ्या लावल्या, खाली औषधाच्या चार सारख्या बाटल्या, आणि गाडी थोडा वेळ चालू ठेवली. तीन बाटल्यांत जेमतेम बोटभर डिझेल आलं आणि तिसऱ्या नंबरची जवळजवळ अर्धी. म्हंजे ती नोझल आतनं झिजलेली, प्रेशर तिथनं परत पळतंय. अशा गाडीवर बॉक्स लावला असता तर पंप उगाच मरमर मरणार आणि मी म्हणणार डबा भंगार. नोझल रिपेअर झाली, त्याचा खर्च डब्यापेक्षा जास्त आला, पण ते करणं भागच होतं. क्लच पण बघून घ्या. लोडवर रेस वाढते पण गाडी तेवढी पळत नाही, आणि जळका वास येतो, असं आत्ताच होत असेल तर वाढलेली ओढ क्लचप्लेटच खाऊन टाकणार.

एवढं झालं असेल तर बसवणं तासाभराचं काम. गाडी थंड पाहिजे, एकदम थंड, रात्रभर उभी असेल तर उत्तम. चावी काढून घ्या, दहाएक मिनिटं थांबा म्हणजे ईसीयू पण झोपतो आणि रेलमधलं प्रेशर उतरतं, मग १० नंबर पान्यानं बॅटरीचा मायनस काढा. एक गोष्ट लक्षात ठेवा, ह्या कामात डिझेलचा एकही पाइप ढिला करायचा नाहीये, फक्त वायरचं कपलर काढायचंय. चालू गाडीत रेलच्या पाइपाला गळती असेल तर ती बोट लावून शोधायची नाही कधीच, ते प्रेशर कातडीतनं आत घुसतं आणि मग हात वाचवायला थेट ऑपरेशन करावं लागतं, पुठ्ठा धरून बघायचं.

सेन्सर रेलच्या एका टोकाला असतो, तीन पिनांचं कपलर: एक पाच व्होल्टची, एक अर्थिंगची आणि एक सिग्नलची. आधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली वायर कुठं वळते सगळं दिसेल असा. मग कपलरच्या भोवतीची माती ब्रशनं झाडा, नाहीतर काढल्या काढल्या ती पिनांत जाते. आता लॉक. त्या कपलरचं प्लास्टिक इंजिनच्या उष्णतेनं वर्षानुवर्षं भाजून शंकरपाळ्यासारखं झालेलं असतं, स्क्रूड्रायव्हरनं उचकलं की टिचकन तुटणार. अंगठ्यानं कपलर आधी थोडं आत दाबायचं, म्हणजे लॉकवरचा ताण जातो, मग जीभ दाबून धरायची आणि कपलरला धरून सरळ मागं ओढायचं, वायरला धरून नाही. सुटत नसेल तर दोन थेंब कॉन्टॅक्ट क्लीनर आणि धीर. आत हिरवट काळपट दिसलं तर क्लीनर मारून वाळू द्या. आता बॉक्सच्या वायरिंगचं एक टोक सेन्सरवर, दुसरं टोक कंपनीच्या कपलरमध्ये, टक असा आवाज आला पाहिजे दोन्हीकडं. काही बॉक्सना टर्बोच्या बूस्ट सेन्सरचा दुसरा जोड पण असतो, तिथं आधीच रंगीत टेप लावून खुणा करा, सारखे दिसणारे कपलर उलटसुलट व्हायला वेळ लागत नाही.

डबा कुठं ठेवायचा ह्यावर मी दुसऱ्यांदा पोळलो. घाईत वायर टर्बोच्या अंगानं नेली, झिपटाय मारला, झालं म्हटलं. चौथ्या दिवशी चिरे भरून कुंभार्लीत अर्ध्यावर आलो आणि गाडीनं एकदम मान टाकली, चेक लाइट पेटली, अ‍ॅक्सिलेटर पायाखाली पण रेस वर जाईना. वळणावरच उभी, मागं रांग. बोनेट उघडलं तर वायरवरची स्लीव्ह वितळून टर्बोच्या पत्र्याला मेणासारखी चिकटलेली आणि आतल्या दोन वायरी एकमेकींना टेकलेल्या. सेन्सरचा सिग्नल गेला म्हणून ईसीयूनं गाडी लिंप मोडला टाकली होती, म्हणजे इंजिन वाचवायला पॉवर मुद्दाम कमी केली होती. नशीब एवढंच की ओरिजिनल वायर कापलेली नव्हती, थोडं गार होऊ दिलं, बॉक्स काढला, कंपनीचं कपलर परत सेन्सरवर चढवलं, चावी बंद-चालू केली आणि गाडी निघाली. लाइट मात्र स्कॅनर लावल्यावरच गेली. चूक शंभर टक्के माझी.

त्यामुळं डबा बॅटरीच्या बाजूला किंवा फायरवॉलला (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा), टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब. वायरी कंपनीच्या वायरिंगच्या सोबतीनं न्या, कडेवर घासत असतील तिथं स्लीव्ह घाला. डब्याचं वायरीचं तोंड खाली ठेवा आणि वायरला डब्याखाली थोडा झोळ द्या, म्हणजे वॉशिंगचं पाणी वायरवरनं ओघळून झोळातनं खाली टपकतं, डब्यात शिरत नाही. आपल्याकडचा पावसाळा, त्यात कोयनेकडचा, माहितीय ना.

सेटिंग सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवून बॅटरी जोडा. चालू करा, पाच-दहा मिनिटं आयडलवर राहू द्या. आवाज खडखडीत झाला, लाइट लागली तर तिथंच बंद, कपलर परत बघा. बहुतेक वेळा अर्धवट बसलेलं असतं. शंभरातले नव्वद प्रॉब्लेम तिथलेच असं मिस्त्री म्हणतात. सगळं ठीक असेल तर रिकामी गाडी घेऊन एक चक्कर, मी यवतेश्वरचा घाट धरला, घरापासनं जवळ आणि चढ खमका. आरशात धूर बघायचा. दाबल्यावर क्षणभर काळसर आला आणि गेला तर ठीक, पण चढभर काळी शेपूट मागं राहत असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी, ते जादाचं डिझेल ओढ देत नाही, नुसता धूर करतं आणि पिस्टन, टर्बो भाजतं. एक पायरी खाली या. खालचीच पायरी असेल तर आधी हवेचा मार्ग तपासा.

दोन-तीन दिवस रिकामी, मग अर्धा लोड, मग पूर्ण, अशा क्रमानं जा आणि पायरी वाढवायची तर एकावेळी एकच. माझ्या डब्याला नऊ पायऱ्या आहेत, मी तिसरीवर आहे. पाचवीवर एकदा गेलो होतो, गाडी मस्त उडायची पण लांब चढावर टेंपरेचरचा काटा नेहमीपेक्षा वर सरकायला लागला आणि स्कॅनरला पी ००८८ आला, म्हणजे रेलचं प्रेशर मर्यादेबाहेर. परत तिसरीवर. उलट पी ००८७ आला तर प्रेशर कमी पडतंय, तेव्हा डब्याला शिव्या द्यायच्या आधी डिझेल फिल्टर बदलून बघा.

चालवण्यात पण फरक करायला लागतो. ओढ वाढली म्हणून तिसऱ्या-चौथ्यावर रेस खाली पडेपर्यंत रेटत बसू नका, कमी रेसला टर्बो हवा देत नाही आणि डिझेल मात्र बदाबद जातं, खालचा गिअर टाका. घाट संपला की लगेच चावी फिरवायची नाही, एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या, टर्बो गार होतो. ऑइल मी कंपनीनं सांगितलंय त्याच्या आधीच बदलतो. अ‍ॅव्हरेजचं विचाराल तर हलक्या पायानं मला थोडा फरक जाणवतो पण दाबून चालवली की तो सगळा जातो. आणि ओढ वाढली म्हणजे ब्रेक, पाटे, टायर वाढले नाहीत, चिरेवाल्यानं "अजून पन्नास टाकू का?" विचारलं की मी अजूनही नाहीच म्हणतो.

डब्यासोबत एक छोटं डमी कपलर येतं, बॉक्स काढून त्याच्या वायरिंगला ते लावलं की गाडी पुन्हा ओरिजिनलवर. ते पिशवीत टाकून माझ्या गाडीच्या डॅशबोर्डात कायम असतं, सोबत १० नंबर पाना, चार झिपटाय आणि टॉर्च.