बाग लावायच्या आधी जेसीबी बोलावलात? या चुका टाळा

फेब्रुवारीत खरेदीचा दस्त, मार्चमध्ये कुंपण, एप्रिलमध्ये जेसीबी, जूनच्या पहिल्या आठवड्यात झाडं आणि झाडांबरोबर फोटो. कोल्हापूर जिल्ह्यात हौसेने घेतलेल्या दोन-चार एकरांचं वेळापत्रक बहुतेक असंच असतं. चौथ्या वर्षी निम्म्या आळ्यांत नुसतं गवत दिसतं आणि खापर फुटतं रोपवाटिकेवर. बिघाड मात्र एप्रिलमध्येच झालेला असतो.

सपाटीकरणाची हौस

उताराची जमीन दिसली की आधी सपाट करून घ्यावीशी वाटते. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या बाजूच्या माळावर पहारीने एक भोक पाडून बघा. वर सहा ते नऊ इंच तांबूस माती, खाली मुरूम, कुठे जांभा. झाडाचं सगळं खाणं त्या सहा-नऊ इंचांत आहे. जेसीबी वरच्या अंगाने तीन फूट कापतो आणि खालच्या अंगाला लोटतो. लोटताना वरची माती आधी जाते, म्हणजे भरावाच्या तळाशी गाडली जाते. तिच्यावर मुरुमाचा थर बसतो. संध्याकाळी शेत टेबलासारखं दिसतं आणि मालक खूश होतो.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका अडीच एकराचं असंच झालं. तीन टप्पे पाडले, शंभर केशर आंबे लावले. भराव नुसता लोटलेला, दाबलेला नव्हता. जुलैत टप्प्याच्या कडेला पाणी साठलं, ओघळ पडली आणि खालचा टप्पा दोन ठिकाणी फुटला. अकरा कलमं गाळाखाली गेली. कापाच्या बाजूची झाडं मेली नाहीत, पण वाढलीही नाहीत. दोन वर्षांनी गुडघ्याएवढीच होती, पानं पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या. मधल्या ओळीत माती योगायोगाने मिसळून पडली होती, तिथली झाडं त्याच वयात डोक्याला लागत होती. पिवळेपणा बघून तीनदा युरिया टाकला गेला. मुळं मुरुमात अडकलेली असताना युरियाने काय होणार? शेवटी तळ्यातला गाळ ट्रॉलीच्या भावाने विकत आणून आळी भरली. जागेवर फुकट असलेली माती गाडून दुसरी विकत घेतली, असा हा व्यवहार.

घर, विहीर, गोठा यांच्यापुरती जागा सपाट करावीच लागली, तर वरची नऊ इंच माती आधी खरवडून एका बाजूला ढीग लावा. मग कापा, भरा, भराव थराथराने दाबा आणि शेवटी ती माती परत पसरा. जेसीबीचे तास वाढतात, चालकही कुरकुरतो. तरी हे करताना मालकाने बांधावर उभं राहायचं. फोनवरून हे काम होत नाही.

बागेसाठी मात्र सपाटीकरण लागतच नाही. समपातळी रेषा, म्हणजे उताराला आडव्या, एकाच उंचीवरून जाणाऱ्या रेषा आखायच्या आणि रेषेवर झाडं लावायची. त्यासाठी सात-सात फुटांच्या दोन काठ्यांचा तिकोना बांधा, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला दगड. तिकोना उभा करून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग दोन्ही पाय अदलाबदल करून त्याच जागांवर ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे पातळी. दोरी त्या मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत, तिथे खुंटी ठोका. दोन माणसं एका दिवसात एकराची आखणी सहज उरकतात. प्रत्येक झाडाला उताराच्या खालच्या अंगाने अर्धचंद्राकृती बांध घाला. दर तीन-चार ओळींनंतर दोन फूट रुंद, दीड फूट खोल चर काढा आणि त्यातली माती खालच्या बाजूला टाका. चराची टोकं नैसर्गिक ओघळीला दगडांच्या पिचिंगने (दगड रचून) जोडा, नाहीतर चरच ओघळ होतो.

यापेक्षाही स्वस्त उपाय म्हणजे पहिला पावसाळा नुसतं बघणं. पाणी कुठून येतं, कुठे दोन दिवस थांबतं, कुठे दलदल होते, याच्या खुणा चुन्याने करून ठेवायच्या. हा सल्ला कुणालाच आवडत नाही.

खड्डा की हौद?

पुस्तकात एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा सांगितलेला असतो, म्हणून सगळीकडे तोच. पण गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एका जिल्ह्यात एवढा फरक असताना एकच खड्डा चालेल कसा?

काळ्या चिकण मातीत किंवा घट्ट मुरुमात खणलेला खड्डा पावसाळ्यात हौद होतो. आत भरलेली माती भुसभुशीत आणि भोवतीच्या भिंती घट्ट, त्यामुळे आजूबाजूचं पाणी खड्ड्यातच उतरतं. जेसीबीच्या बकेटने काढलेला खड्डा तर आणखी वाईट. ओल असताना बकेट फिरली की भिंतींना गिलावा केल्यासारखी चकाकी येते. मूळ त्या भिंतीला धडकून आतल्या आत फिरतं. ऑगस्टमध्ये पानं कोमेजलेली दिसतात, माणूस म्हणतो पाणी कमी पडलं, आणि ड्रिप चालू करतो! अशा झाडाजवळ हाताने वीतभर उकरा. माती निळसर-करडी आणि कुजका वास आला तर मुळं गुदमरली आहेत.

लावण्याआधी चाचणी घ्या. दीड फूट खोल खड्डा काढा, पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला इंचभर उतरलं तर निर्धास्त लावा. अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल, तर खड्ड्याचा नाद सोडा आणि उंचवट्यावर लावा: गादी दीड फूट उंच, चार फूट रुंद, उताराकडे तोंड करून. मुरुमात खड्डा करायचाच असेल तर भिंतींना पहारीने खाचा पाडा आणि खालच्या अंगाने वीतभर रुंद चर काढून खड्ड्याच्या तळाचं पाणी बाहेर निघू द्या.

खड्डे एप्रिल-मे महिन्यांत काढून उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट. भर जमिनीच्या वर सहा ते नऊ इंच ठेवा, कारण पहिल्या पावसात ती खाली बसणारच. जमिनीबरोबर भरलेला खड्डा जुलैत बशी झालेला असतो. घाटमाथ्याच्या बाजूला हाताशी पाणी असेल तर जूनची घाई न करता मोठा पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरात लावणं आम्हाला बरं वाटतं.

'कुजलेलं' हा शब्द गांभीर्याने घ्या. कच्च्या शेणात हुमणीच्या अळ्या येतात आणि उसाच्या या पट्ट्यात हुमणीची आधीच कमी नाही. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) सुद्धा ताजी टाकली तर तापते, मुळं भाजतात. ढीग लावून चार महिने कुजवा. वळीव पडून गेला की संध्याकाळी भुंगेरे बाभूळ आणि कडुलिंबावर जमतात. फांद्या हलवून खाली पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवा.

कलम घेतलं, वाढला खुंट

बागेत एक आंबा सगळ्यांत जोमदार असतो. मालक पाहुण्यांना तोच दाखवतो. जवळ जाऊन कलमाचा सांधा शोधला तर सांध्याच्या वर एक वाळलेली काडी आणि खालून फुटलेला रायवळ फोफावलेला. कलम कधीच मेलं, तीन वर्षं पाणी-खत खाल्लं ते खुंटाने, म्हणजे ज्या रायवळ रोपावर कलम बांधलं होतं त्याने.

म्हणून पहिली दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी सांध्याखाली अंगठा फिरवायचा. फुटवा बोटभर असताना नखाने मोडतो, पेन्सिलएवढा झाला की कात्री लागते आणि जखम राहते. सांधा जमिनीच्या चार ते सहा इंच वर हवा. मातीखाली गाडला की कुज लागते आणि फुटवे ओळखूही येत नाहीत. कलम बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी दोन-तीन महिन्यांत, सांधा भरला की ब्लेडने कापा. राहिली तर खोड तिथे आवळलं जातं आणि वाऱ्यात नेमकं तिथेच मोडतं. आधाराची काठी पश्चिमेकडून ठोका, कारण पावसाळी वारा तिकडून येतो, आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकारात बांधा.

खरेदी करताना दीड-दोन फुटांचं, वर्षाचं कलम घ्या. छोट्या पिशवीतलं पाच फुटी झाड दिसायला छान, पण आत मुळांचं वेटोळं असतं. ते वेटोळं जमिनीत उलगडत नाही. पिशवी फाडूनच लावा, हे सांगायची वेळ अजून येते. पहिल्या दोन-तीन वर्षांतला मोहोर खुडून टाका, मन घट्ट करून.

पाण्याचं गणित

दहा फूट स्टँडवर टाकी ठेवली की ड्रिप चालेल, असा समज आहे. एक किलो दाब मिळायला साधारण दहा मीटर उंची लागते. दहा फुटांत जेमतेम ०.३ किलो मिळतो, म्हणून टाकीजवळची झाडं पितात आणि लांबची नुसती ओली होतात. डोंगराच्या माथ्यावर टाकी बांधता आली तर उत्तम, नाहीतर छोटी मोटर लावा. नदीचं किंवा विहिरीचं शेवाळलेलं पाणी असेल तर सँड फिल्टर हवाच, नुसती जाळी पुरत नाही. लॅटरलची (झाडांच्या ओळीतल्या ड्रिपच्या नळ्यांची) टोकं आठवड्याला उघडून धुवायची. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने, पुष्कळदा रात्री येते, म्हणून निदान दोन दिवसांच्या पाण्याची साठवण धरा. लहान झाडाला दिवसाला आठ-दहा लिटर, म्हणजे शंभर झाडांना हजार. पाच वर्षांनी उन्हाळ्यात हाच आकडा चौपट होतो.

शिरोळ-हातकणंगल्याच्या नदीकाठी मातीपरीक्षणाशिवाय काहीच लावू नका. वर्षानुवर्षं पाटपाणी पिऊन तिथल्या बऱ्याच जमिनी खारवट-चोपण झाल्या आहेत. फळझाडांसाठी नमुना वरच्या फुटाचा एकच देऊन भागत नाही. पहिला, दुसरा आणि तिसरा फूट, असे तीन वेगळे द्या. आणि २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते बांधावरच्या माणसाला विचारा.

आता राहिलेलं, भराभर. आंबा दहा बाय दहा मीटरवर एकराला चाळीसच बसतात. पाच बाय पाचवर एकशेसाठ बसतात, पण दरवर्षी काढणीनंतर छाटणी करणार असाल तरच. नारळाला पंचवीस फूट. मधल्या पट्ट्यात भुईमूग, सोयाबीन, घेवडा लावा. ऊस लावलात तर आंबा विसरा. मोजणी करून हद्द ठरल्याशिवाय कुंपणाचा पहिला खांब रोवू नका. बांधावर बांबू किंवा निलगिरी लावली की शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. तिथे गिरीपुष्प बरा, पाला खताला होतो.

उसात २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप बागेत कधीच आणू नका, कितीही धुतला तरी. शेजाऱ्याच्या फवारणीचा वाससुद्धा पपई, टोमॅटो, शेवग्याला बाधतो, शेंडे पिळवटतात. त्याला आधी जाऊन सांगा, वारा पडलेला असताना सकाळी मार म्हणून.

उसाचं पाचट आच्छादनाला सोन्यासारखं आहे. चार-सहा इंच जाड पसरा, खोडापासून वीतभर लांब ठेवा. पण तोडणी झाली की शेजारी पाला पेटवतात. बांधालगत दहा फूट पट्टा जानेवारीतच नांगरून मोकळा ठेवा.

गवे आणि रानडुकरांसाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत बॅटरीवर हलका झटका सोडणारं यंत्र) लावाल, तेव्हा तारेत थेट लाईट सोडायचा विचारही करू नका. माणूस मरतो आणि गुन्हा दाखल होतो. मशीनचा झटका कमी झाला की लोक बॅटरी बदलतात. आधी तारेखालचं गवत बघा. पावसाळ्यात आठवड्यात ते तारेला टेकतं आणि करंट जमिनीत उतरतो. त्याला विळाच लागतो, दर आठ दिवसांनी.