ट्रकचा एसी सुरूच होत नाही? आधी ब्लोअर बघा

बटण दाबल्यावर जाळीतून वारा येतो का, हे आधी बघा. वाराच नसेल तर दोष ब्लोअरच्या, म्हणजे एसीच्या पंख्याच्या फ्यूज, रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच), मोटर किंवा अर्थिंगमध्ये. फक्त शेवटच्या स्पीडवर वारा येत असेल तर बहुधा पंख्याचा स्पीड कमी करणारा रेझिस्टर गेलेला असतो.

वारा येतो पण गार नाही, तर इंजिन चालू ठेवून कॉम्प्रेसरकडे बघा. हात आणि सैल कपडे पट्ट्यापासून लांब. एसी लावताच 'टक्' आवाज होऊन पुलीपुढची, कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारी क्लच प्लेट फिरायला हवी. फिरत नसेल तर एसीचा फ्यूज तपासा, मग तसाच दुसरा रिले लावून बघा.

तरीही नाही? एसी चालू ठेवून क्लचच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. २४ व्होल्टच्या गाडीत जवळपास बॅटरीइतकाच व्होल्टेज मिळायला हवा. तो मिळूनही प्लेट ओढली जात नसेल तर कॉइल जळली, अर्थ तुटली किंवा प्लेट झिजून प्लेट आणि पुलीमधला गॅप वाढला. सकाळी चालणारा, इंजिन तापल्यावर बंद पडणारा एसी बहुतेकदा या गॅपचाच बळी. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा; साधारण ०.३ ते ०.७ मिमी ठीक, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

करंटच येत नसेल तर गॅस कमी झाल्याने त्याचा दाब बघणाऱ्या प्रेशर स्विचने तो तोडलेला असू शकतो. स्विच डायरेक्ट करून (वायर थेट जोडून) गाडी पळवू नका. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसेल तर कॉम्प्रेसर कोरडा पडून जॅम होतो. आधी लीकेज शोधा, मगच गॅस भरा.