गच्चीवर कोजागरी: पंचवीस जणांसाठी घरगुती बेत

घरी माणसं बोलवायची तर कोजागरीसारखा सोपा सण नाही. पंगत नाही, पानं वाढणं नाही, आहेर नाही. पण पाहुणे आठ-साडेआठला येतात आणि दूध पितात बारा वाजता. मधले साडेतीन तास यजमानीणबाई गॅसपाशी उभ्या राहिल्या तर कोजागरी बाकीच्यांचीच झाली म्हणायची. म्हणून माणसं येण्याआधी जे उरकता येईल ते सगळं उरकायचं.

आधी तारीख

कोजागरी मध्यरात्री पौर्णिमा असेल त्या दिवशी धरतात, त्यामुळे कॅलेंडरात कोजागरी आणि पौर्णिमा वेगवेगळ्या चौकोनांत दिसू शकतात. 2024 मध्ये कोजागरी 16 ऑक्टोबरला होती, पौर्णिमेचं स्नानदान दुसऱ्या दिवशी. निमंत्रणाचा मेसेज टाकण्याआधी पंचांग बघा. 2023 मध्ये 28 ऑक्टोबरला तर त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं आणि दूध कधी प्यायचं यावर घरोघरी चर्चा झडल्या.

सण ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला तर परतीचा पाऊस गाठतो. हॉल किंवा पार्किंगची जागा मनात ठरवून ठेवा. सोसायटीची गच्ची असेल तर सेक्रेटरींना आठवडाभर आधी सांगा, किल्ली कोणाकडे असते ते विचारा आणि वरचा दिवा लागतो का ते स्वतः जाऊन पाहा.

दोन दिवस आधी: दूध आणि मसाला

दूधवाल्याला आधीच सांगून ठेवा. ऐन कोजागरीच्या संध्याकाळी डेअरीवर रांग असते आणि म्हशीचं दूध आधी संपतं. माणशी 200 मिली धरा. पंचवीस जणांना पाच लिटर लागतं, आटून तेवढं उरावं म्हणून सहा लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध घ्या. गाईचं पातळ दूध आटवत बसण्यात गॅस आणि जीव दोन्ही जातात.

मसाल्यासाठी 200 ग्रॅम बदाम, 100 ग्रॅम पिस्ते, 25-30 वेलदोडे. बदाम-पिस्ते मंद आचेवर नुसते कोमट करून पूर्ण गार होऊ द्या. मग मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. थोडे काप वरून घालायला आणि मूठभर चारोळी वेगळी ठेवा. तयार मसाल्याची पुडी मिळते, पण तिच्यात बरेचदा रंग आणि साखरच जास्त असते.

त्या दिवशी दुपारी

जाड बुडाची दोन पातेली घ्या. एकाच मोठ्या पातेल्यात सहा लिटर आटायला फार वेळ लागतो. पातेलं पाण्याने विसळून, तळाशी थोडं पाणी असतानाच दूध ओता. मग ते खाली पटकन लागत नाही. उकळी आल्यावर आच मध्यम करून कालथ्याने तळ खरवडत राहा. कडेची साय आतच ढकला. सहाव्या हिश्शाने आटलं की मसाला घाला, पाच-सात मिनिटांनी साखर. लिटरला 80 ते 100 ग्रॅम पुरते. साखर आधी घातली तर दूध बुडाला लागायची भीती वाढते. केशर कोमट दुधात भिजवून, आणि जायफळ गॅस बंद केल्यावर. सहा लिटरला अर्धं जायफळ खूप झालं, जास्त झालं की कडवट लागतं.

गार झालं की फ्रिजमध्ये ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाच-सहा तास ओट्यावर राहिलेलं दूध रात्री फाटलं, तर तेव्हा दुसरं आणणार कुठून?

खायला काय

भेळ. माझं मत ठाम आहे: पावभाजी करू नका. तवा, लोणी, पाव भाजणं यात एक माणूस अडकतोच. भेळेला एक किलो कुरमुरे, अर्धा किलो बारीक शेव, अर्धा किलो फरसाण, किलोभर उकडलेले बटाटे आणि तेवढाच कांदा. चिंच-खजुराची चटणी आदल्या दिवशी, हिरवी त्याच दिवशी. कांदा संध्याकाळी चिरा. कालवायची मात्र वर गच्चीवर आणि आठ-दहा जणांपुरतीच, नाहीतर शेवटच्याच्या हाती लगदा येतो. नऊच्या आसपास देऊन टाका. आंबट-तिखटावर लगेच दूध नको, मध्ये दोन-तीन तास जायला हवेत.

रात्री

सतरंज्या, पाण्याचे जार आणि कचऱ्याची पिशवी आधी वर न्या. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नसेल तर आजी-आजोबांसाठी दोन खुर्च्याही. गाण्याच्या भेंड्या चालू द्या, पण स्पीकर दहाला बंद करा. पहिल्या अपत्याला ओवाळायची पद्धत असेल तर ते लहान मुलं पेंगायच्या आधी करा.

साडेअकराला दूध खाली गॅसवर चढवा, चांगलं उकळी येईपर्यंत. वर नेल्यावर पातेल्यावर पातळ मलमल बांधा आणि जवळचा दिवा मालवा, म्हणजे किडे येणार नाहीत. चंद्राचं प्रतिबिंब दिसायला क्षणभर कापड काढलं की पुरे, तासभर उघडं ठेवायची गरज नाही. स्टीलचे लहान पेले वापरा. कागदी कपात गरम दूध घेतलं की चव जाते आणि हातही भाजतो.

उरलेलं दूध त्याच रात्री फ्रिजमध्ये. सकाळी आणखी आटवलं की बासुंदी तयार. रिकाम्या पातेल्यांत पाणी ओतून मगच झोपा.