पाकिटं घरात येऊच नयेत म्हणून

सोलापुरात किराण्याबरोबर प्लास्टिक घरात येतं ते मुख्यतः पीठ, तेल, शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या पाकिटांतून. यातली एकही वस्तू अशी नाही की तिला पाकीट लागावंच.

सुरुवात ज्वारीपासून करा. रब्बीची मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते, तेव्हाच वर्षाची पोत्याने घ्या. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, पण उन्हातून काढून लगेच कोठीत भरू नका. गरम धान्याची वाफ आत धरते आणि पावसाळ्यात पोरकिडे होतात. रात्रभर पसरून गार होऊ द्या, मग सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचे थर देत पत्र्याच्या कोठीत भरा. गिरणीतून दळून आणायचं ते फार तर आठ-दहा दिवसांपुरतं, स्टीलच्या डब्यात. जुन्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेला चिरते आणि चवीला कडवट लागते. मग दोष ज्वारीला दिला जातो.

कडक भाकरीला पीठ नेहमीसारखंच उकळत्या पाण्यात मळा, मीठ-तीळ घाला आणि भाकरी होईल तेवढी पातळ थापा. तव्यावर दोन्ही बाजू भाजल्या की आच मंद करा आणि सुती फडक्याच्या बोळ्याने दाबत दाबत ओल पूर्ण जाईपर्यंत भाजा. मध्यभागी जरा जरी मऊ राहिली तर त्याच ठिकाणी बुरशी धरते. टोपलीत उभ्या ठेवून गार करा. मोडताना कट्ट आवाज आला तरच पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

चटणीला पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. घाई करून आच वाढवली तर टरफल करपतं, दाणा आत कच्चा राहतो. गार झाल्यावर सोलून आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरं आणि मीठ घालून तेल सुटेपर्यंत उखळात कुटा. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला की दाणे तापून लगदा होतो. कोरड्या काचेच्या बरणीत ही चटणी पंधरा दिवस सहज टिकते, फक्त ओला चमचा बरणीत जाऊ देऊ नका.

घाण्यावर करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल आणायला स्टीलची किटली न्या. दोन दिवस न हलवता ठेवा, गाळ बसला की वरचं तेल ओतून घ्या. किटली भरायच्या आधी दर वेळी गरम पाणी आणि सोड्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. कडेला चिकटलेलं जुनं तेल खवट झालेलं असतं, ते नव्यालाही लागतं.

दुकानात डबा नेला की आधी त्याचा धडा करायला, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन वजा धरायला सांगा, नाहीतर डब्याचं वजन डाळीच्या भावाने पडतं. मटण-मासळीलाही झाकणाचा डबाच न्या. डाळ, साखर, पोह्यांना कापडी पिशव्या पुरतात.

पालेभाजी निवडून, न धुता, ओलसर पिळलेल्या पंच्यात गुंडाळा. इथे सोलापुरी टॉवेल कामाचा नाही, तो इतकं पाणी धरतो की कोथिंबीर दुसऱ्या दिवशी काळी पडते. मे महिन्यात पंचा दिवसातून दोनदा ओला करावा लागतो. त्या दिवसांत दही तीन-चार तासांत लागतं, आणि बाहेरच राहिलं तर संध्याकाळपर्यंत आंबट होतं. म्हणून मातीच्या भांड्यात लावा आणि विरजण नेहमीच्या निम्मं घ्या.

पंगतीसाठी पळसाच्या पत्रावळी घेताना आतली बाजू नखाने खरवडून पाहा. चकचकीत पापुद्रा सुटला तर ते प्लास्टिकच आहे. कागदी पेल्यांच्या आतही तोच पापुद्रा असतो, त्यामुळे चहाला स्टीलचे पेलेच काढा.