बीपीच्या रुग्णाचं वजन आपोआप उतरतंय? वहीत काय लिहायचं

चाळिशी-पन्नाशीत बीपी असेल आणि पोट सुटलं असेल, तर वजन कमी करावंच. हृदयासारखाच मेंदूलाही त्याचा फायदा. आपल्याकडे कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात. पासष्टीनंतर मात्र हिशेब बदलतो. डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) विसराळूपणा घरच्यांच्या लक्षात येण्याआधी काही वर्षं वजन उतरू लागलेलं असू शकतं. म्हणून आजी काही न करता बारीक झाल्या, तर ‘बरंच झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

वजन दर पंधरा दिवसांनी करा. काटा तोच, सकाळी शौचानंतर, चहा-नाश्त्याआधी. सहा महिन्यांत ६० किलोचे ५७ झाले, म्हणजे ५ टक्के गेले, की डॉक्टरांना दाखवायचं. पायांवर सूज असेल तर काटा फसवतो. अंगातलं पाणी वजन झाकतं. तेव्हा बांगड्या आणि कवळी सैल झाली का, ते बघा.

बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, लघवी करून यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, हात छातीच्या उंचीवर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दंड बारीक झाल्यावर बीपी मशीनचा जुना मोठा पट्टा आकडा कमी दाखवतो, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर पडण्याचा धोका आहे. वजन घटलं आणि गोळ्या त्याच राहिल्या की असं होतं. गोळी मनाने बंद करू नका, डोस डॉक्टरच बदलतील. बीपी ताब्यात ठेवणं मेंदूसाठी गरजेचंच आहे: अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासात (२०१९) वरचा आकडा १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवण्याचं उद्दिष्ट असलेल्या गटात स्मृतीची सौम्य घसरण कमी आढळली.

वहीत ‘विसरतात’ एवढंच लिहू नका. गॅस चालू राहिला, तोच प्रश्न तासात चारदा, सुट्ट्या पैशांचा घोळ, स्ट्रिपमध्ये उरलेल्या गोळ्या, हे तारखेसह लिहा. जेवण अळणी लागतं म्हणून ताट अर्धं राहतं का? मीठ न वाढवता लिंबू, आलं, जिऱ्याची फोडणी द्या.

दवाखान्यात वही आणि सगळ्या गोळ्या न्या. सोडियम, बी१२, थायरॉईड तपासायचं का, ते विचारा. बीपीसाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळीने रक्तातलं सोडियम उतरलं तरी माणूस गोंधळतो, आणि ते वेळेत कळलं तर सुधारतं.